आईनं न चाटलेली पिल्लं

बुदे पोनिराहला उंदरांची भीती वाटत नाही यात विशेष काही नाही. एकतीस वर्षं उंदीरघरात काढल्यावर कुणालाच वाटणार नाही. विशेष हे, की उंदरांना तिची भीती वाटते. पिल्लांना नव्हे, त्यांच्या आयांना. पिल्लं घालून कोपऱ्यात पाय ताणून पडलेली एखादी पांढरी उंदरीण बुदेच्या सपातांचा आवाज आला की धडपडून उठते आणि दिसेल त्या पिल्लाला चाटायला लागते. सासू स्वयंपाकघरात डोकावली की सून आधीच पुसलेला ओटा पुन्हा पुसते ना, अगदी तशी.

बुदे म्हणजे थोरली मावशी. विद्यापीठात तिला सगळेच बुदे म्हणतात, अगदी तिच्याहून वयानं मोठा असलेला फाटकावरचा पहारेकरीसुद्धा. एकटे प्रोफेसर दर्सोनो तेवढे अदबीनं 'बू पोनिराह', म्हणजे पोनिराहबाई, म्हणतात, पण प्रोफ त्यांच्या स्कूटरशीही अदबीनंच बोलतात. मी त्याच इमारतीत वरच्या मजल्यावर बसतो. पेशींत कुठलं जनुक किती वाचलं जातंय हे मोजणारं एक यंत्र तिथे आहे, त्याची मर्जी सांभाळणं हे माझं काम. खाली उंदीर, वर मी, आणि दोघांनाही वेळेवर खायला मिळतंय ना हे बघणारी बुदे.

तिची आई मेरापी ज्वालामुखीच्या पायथ्याच्या गावात बाळांना रगडायची. चाळीस वर्षांत त्या गावात जन्मलेलं एकही मूल त्या बाईच्या हातातून सुटलं नाही. गावचा मुखिया, मशिदीचे इमाम आणि इमामांची बदकं चोरणारा, सगळे एकाच मांडीवर पालथे घातले गेले होते. बुदेला ती सगळी विद्या आली, पण तिनं तो व्यवसाय केला नाही. का, तर "माणसांची पोरं मोठी झाली की ओळख देत नाहीत." म्हणून ती विद्यापीठात पिंजरे धुवायला आली आणि तिथलीच झाली.

पिंजऱ्यांना नंबर असतात. बुदेच्या तोंडी मात्र ती आळीतली घरं असायची.

"सात नंबरवाली बघितलीस का, जोयो? अकरा पोरं पदरात, आणि बाईसाहेब शेपटी धूत बसल्यात."

"असू दे, बुदे. थकली असेल."

"थकली! शेजारची नऊ नंबरवाली बघ. तेरा आहेत, एकेकाला उलटं करून चाटते. ती नाही थकली? हिला माहेरूनच वळण नाही."

सात नंबरवालीच्या आईचा पिंजराही बुदेला आठवत असायचा, त्यामुळे माहेरचा उद्धार अगदी पुराव्यानिशी व्हायचा.

या उंदीरघरात एक दिवस किनांती आली. डोंगरातल्या वोनोसोबो गावची पोर, डॉक्टरेट करायला आलेली. ती चालायची तशीच बोलायची, म्हणजे घाईघाईत, आणि मधेच थांबून काही मागे राहिलं का बघायची. तिला चाटणं मोजायचं होतं. मी चेष्टा करत नाही, विषयच तो होता. पहिल्याच दिवशी तिनं बुदेला शेजारी बसवून सगळं समजावून सांगितलं. तिच्या आधीच्या कुठल्याही विद्यार्थ्याला हे सुचलं नव्हतं. न सुचलेलंच बरं होतं.

"बुदे, घाबरलं की अंगात एक रस सुटतो. भीतीचं संप्रेरक म्हणू या. ते रक्तातून डोक्यात जातं. डोक्यात ते ऐकणारे कान असतात."

"कान बाहेर असतात, न्दुक." न्दुक म्हणजे आमच्याकडे लेकीला, पोरीला मारायची हाक.

"हे वेगळे, बारीक कान. ग्राही म्हणतात त्यांना. कान भरपूर असले की डोकं लगेच ऐकतं आणि म्हणतं, कळलं, पुरे, भोंगा बंद करा. उंदीर शांत होतो. कान कमी असले की भोंगा आपला वाजतोय, वाजतोय. असा उंदीर जरा खुट्ट झालं तरी घाबरतो."

"मग ज्याला कमी आहेत त्याला कमी का?"

"तीच तर गंमत! कान बनवायची कृती सगळ्यांकडे सारखीच असते, जनुकात लिहिलेली. पण त्या पानाच्या कडेला जन्मतःच बारीक बारीक चिकट्या लागतात. चिकट्या असल्या की पान नीट उघडत नाही, कान कमी बनतात. पहिल्या आठवड्यात आईनं भरपूर चाटलं, तर त्या स्पर्शानं चिकट्या निघतात. पान उघडं राहतं ते जन्मभर."

"आणि नाही चाटलं तर?"

"तर चिकट्या तशाच. जन्मभर."

"जन्मभर?" बुदेनं विचारलं.

"जन्मभर," किनांती आनंदानं म्हणाली. शास्त्रज्ञाला एखादी गोष्ट कायमची असली की फार आनंद होतो. "म्हणून बुदे, पहिले दहा दिवस पिल्लांना कुणीही हात लावायचा नाही. मी काचेतून आया बघणार, जास्त चाटणाऱ्या एकीकडे आणि कमी चाटणाऱ्या एकीकडे काढणार, आणि पिल्लं मोठी झाली की फरक बघणार. हात लावायचा नाही हं!"

"इंग्गिह," बुदे म्हणाली.

आता आमच्याकडे मोठ्यांना, शिकलेल्यांना आणि पाहुण्यांना 'इंग्गिह', म्हणजे 'हो जी', सोडून दुसरं काही म्हणायची पद्धतच नाही. त्याचा अर्थ एवढाच, की तुमचं बोलणं आमच्यापर्यंत पोचलं. पुढचं ज्याचं त्यानं बघावं. किनांतीही इथलीच, तिला हे कळायला हवं होतं. पण सहा वर्षं पुस्तकात डोकं घातलं की माणूस आपल्याच आईची भाषा विसरतो.

चौदा महिने तिनं चाटणं मोजलं. रोज पाच वेळा काचेला नाक लावून. बेचाळीस वेतं झाली. त्यातली एकवीस जास्त चाटणाऱ्या आयांची आणि एकवीस कमी चाटणाऱ्यांची. पिल्लं मोठी झाल्यावर एकेकाला एका मोठ्या गोल रिंगणात सोडायचं. भित्रा उंदीर भिंतीला चिकटून सरकतो, धीट उंदीर मध्यभागी जातो. कमी चाटलेल्यांनी भिंत धरायला हवी होती.

त्यांनी भिंतीकडे ढुंकून पाहिलं नाही. पहिला आला तो तपासणीला आलेल्या सरकारी अधिकाऱ्यासारखा रिंगणाच्या मधोमध उभा राहिला, चारी बाजूंना नाक फिरवून आला आणि बसून मिशा धुवायला लागला. दुसरा त्याच्याहून वरचढ. तिसऱ्यानं तर मध्यभागी डुलकी काढली. किनांतीनं टाळी वाजवली. त्यानं एक डोळा उघडला आणि मिटला.

मग मेंदूतली जनुकं मोजायची पाळी आली. मेंदू तपासायचा म्हणजे उंदीर उरत नाही. त्या आठवड्यात बुदे दरवेळी रजेवर जाते आणि त्याबद्दल कुणी काही बोलत नाही. नमुने माझ्याकडे वर आले. मी मोजलं. भरपूर चाटलेल्यांत कानांचं पान उघडं, आणि कमी चाटलेल्यांतही, एखाददुसरं वेत सोडलं तर, तितकंच उघडं. जुळ्या भावांच्या परीक्षेतल्या उत्तरांसारखे आकडे.

संशय आधी माझ्या यंत्रावर आला, म्हणजे माझ्यावर. प्रोफ दर्सोनो रागावले की त्यांचा आवाज खाली जातो. जितका राग, तितका आवाज खाली. त्या दिवशी ते मला काय म्हणाले ते मला अजून माहीत नाही, इतके ते संतापले होते. मी सगळं पुन्हा मोजलं. आकडे तेच. मग खाद्य तपासलं. मग पाणी. मग प्रोफना वाटलं, मेरापी मधूनमधून गुरगुरतो त्याची या उंदरांना पिढ्यान्‌पिढ्या सवय झाली असेल. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात तसा प्रकार. कारण हे सगळे तर्क चालू असताना कळसा तिथेच फरशी पुसत होता आणि म्हणत होता, "पाय वर घ्या प्रोफ, ओलं आहे."

एकदा जिन्यात किनांती रडताना बुदेला सापडली.

"न्दुक, सगळी पोरं चांगली निघाली, तर त्यात वाईट काय झालं?"

"सगळी चांगली निघाली म्हणून मी नापास होणार, बुदे! फरकच नाही, तर प्रबंधात लिहू काय? सप्टेंबरात शिष्यवृत्ती संपते. चार वर्षं घातली, आता हात हलवत वोनोसोबोला जाऊ?"

 दुसऱ्या दिवसापासून बुदेनं किनांतीला रोज सकाळी हळद-चिंचेचा काढा पाजायला सुरुवात केली. फरक काढ्यानं येणार असता, तर सप्टेंबरपर्यंत नक्की आला असता.

खरी गोष्ट कळली ती माझ्या खादाडपणामुळे. हे मी अभिमानानं सांगतो, कारण माझ्या या गुणाचा विज्ञानाला उपयोग झाल्याचा हा एकच प्रसंग आहे.

आमच्याकडे मूल पाच दिवसांचं झालं की त्याच्या नावानं शेजारीपाजारी जेवण वाटतात. केळीच्या पानात भात, खोबरं लावलेल्या उकडलेल्या भाज्या, अर्धं अंडं. तुमच्या बारशासारखंच, फक्त आमच्या बाळाला बारा दिवस दम धरवत नाही. बुदे हे जेवण आणायची. सकाळी माझ्या टेबलावर पानाची पुडी दिसली, की मी यंत्रावरच्या दिनदर्शिकेत तारखेभोवती गोल करायचो, म्हणजे बायकोच्या डब्याचं संध्याकाळी काय करायचं ते लक्षात राहावं.

"आज कुणाचं, बुदे?"

"भाचीला मुलगा झाला."

"अरे वा! हो का?" आणि मी पान उघडायचो. भरल्या तोंडानं चौकशी करण्याची रीत कुठेच नाही.

तर ऑगस्टच्या सुरुवातीला दिनदर्शिका बघता बघता मी सहज गोल मोजले. एकोणीस! चौदा महिन्यांत एकोणीस मुलगे. बुदेला बहीण एकच. त्या बहिणीला मुलगी एकच. आणि ती मुलगी लग्नाचं नाव काढत नाही म्हणून बुदे गेली तीन वर्षं आमचं डोकं खात होती.

मी किनांतीची यादी काढली. माझ्याकडे ती होतीच, नमुन्यांबरोबर आलेली. कुठलं वेत कधी जन्मलं, कुठल्या गटातलं. कमी चाटणाऱ्या आयांची एकवीस वेतं. त्यांतल्या एकोणिसांच्या जन्मतारखेत पाच मिळवले, की माझ्या गोलावर बरोबर बोट पडत होतं.

चौदा महिने मी उंदरांच्या बारशांना जेवत होतो.

दुसऱ्या दिवशी किनांतीचं मोजणं सुरू व्हायच्या तासभर आधी, सकाळी सहाला, मी हळूच उंदीरघराचं दार लोटलं. नव्यानं मोजायला घेतलेल्या एका वेतापाशी बुदे ठेंगण्या पाटावर बसली होती. शेजारी वाडग्यात कोमट पाणी. उजव्या तर्जनीला जुन्या बातिकच्या लुगड्याची मऊ चिंधी गुंडाळलेली. डाव्या तळहातावर कोवळ्या मुळ्याच्या तुकड्यासारखं गुलाबी पिल्लू उताणं, आणि ओल्या बोटानं त्याच्या पोटावरून वरून खाली, वरून खाली. तोंडानं काहीतरी गुणगुणत होती. पिंजऱ्यातून त्याची आई हे सगळं बघत होती, पाळणाघरात मूल सोडून निवांत झालेल्या बाईसारखी.

"बुदे!"

"हळू. हा नववा. दोन राहिले."

"हात लावायचा नाही म्हणून किनांतीनं सांगितलं होतं ना?"

"सांगितलं होतं."

"तुम्ही इंग्गिह म्हणालात ना?"

"मग काय तोंडावर नाही म्हणू? शिकलेली पोर ती, केवढं वाईट वाटलं असतं तिला."

"अहो, पण ती चाटणं मोजतेय!"

"मोजू दे की. मी कुठं चाटलं?"

 मी खाली बसलो आणि सावकाश सांगितलं. आईनं चाटलं नाही की चिकट्या राहतात, पान बंद राहतं, असं किनांतीला दाखवायचंय. तुम्ही बोटानं चिकट्या काढून ठेवल्यात. आता चाटलेले आणि न चाटलेले सगळे सारखेच. फरकच उरला नाही.

बुदेचा हात थांबला. "म्हणजे लागू पडलं?"

"लागू पडलं! एकोणीसच्या एकोणीस वेतांना!"

"बघ," ती म्हणाली, आणि तिच्या चेहऱ्यावर असा काही उजेड पडला की तिची आई तिथे असती तर तिनं दृष्ट काढली असती. "तेल नाही लावलं हं. तेलाचा वास आला की आई पिल्लाला जवळ घेत नाही. नुसतं पाणी." मग तो उजेड हळूहळू उतरला. "म्हणजे ती पोर जिन्यात रडत होती, ती..."

"हो."

तिनं नववं पिल्लू पुसून घरट्यात ठेवलं. चिंधी सोडायला लागली, आणि उरलेल्या दोघांकडे तिचं लक्ष गेलं.

"या दोघांचं काय?"

"राहू द्या."

"दोघंच तर राहिलेत, जोयो. घरात नऊ शहाणे आणि दोन भित्रे. जन्मभर भांडणं."

मी दाराबाहेर जाऊन मेरापीकडे बघत उभा राहिलो. ढग होते, काहीच दिसत नव्हतं. तरी पुरेसा वेळ बघितलं.

आता सांगायचं कसं? आमच्याकडे चूक कबूल करायची म्हणजे सरळ कबूल करता येत नाही. समोरच्याला ओशाळं वाटतं. बुदे केळ्यांचा घड घेऊन प्रोफच्या खोलीत गेली. किनांती तिथेच बसली होती, पडेल चेहऱ्यानं. मी बुदेच्या मागे, साक्षीदार म्हणून. चहा आला. पावसावर बोलून झालं. मग बुदेनं एका शेजाऱ्याची गोष्ट सुरू केली. त्याच्याकडे म्हणे दोन कोंबड्या होत्या, एक नीट उबवणारी, एक आळशी. कुणाची पिल्लं चांगली निघतात हे त्याला बघायचं होतं. पण पलीकडे एक बाई राहायची, तिला आळशी कोंबडीच्या अंड्यांची दया यायची. ती रोज पहाटे ती अंडी आपल्या बदकाखाली ठेवायची.

"बदक कुणाचं?" प्रोफनी अदबीनं विचारलं.

"त्या बाईचं."

"तुम्हाला बदकासाठी रजा हवी आहे का, बू पोनिराह? घ्या की."

"नको, प्रोफ. तर अंडी गार पडायच्या आत ती परत ठेवायची."

"बदक आजारी आहे का?"

बुदेनं माझ्याकडे पाहिलं. मी टेबलाकडे पाहिलं. तिनं हातातला कप खाली ठेवला.

"प्रोफ, ती बाई म्हणजे मी. कोंबड्या म्हणजे उंदरिणी. आणि बदक म्हणजे हे." आणि तिनं उजव्या हाताची तर्जनी टेबलावर ठेवली.

खोलीत सगळे त्या बोटाकडे बघत राहिले. आधी किनांतीला कळलं. ती उठली आणि बाहेर गेली. खिडकीतून दिसत होतं, आवारात कुणाच्या तरी स्कूटरवर बसून ती दोन्ही हातांनी हँडल घट्ट धरून होती, जशी काही ती चालू करून वोनोसोबोपर्यंत न थांबता जाणार आहे. प्रोफ काहीतरी म्हणाले. ओठ हलले, आवाज अजिबात नव्हता. मी मनातल्या मनात देवाला आठवलं.

पंधरा मिनिटांनी किनांती परत आली. डोळे लाल.

"चौदा महिने, बुदे. चौदा महिने!"

"तूच म्हणालीस, जन्मभर," बुदे खाली बघून म्हणाली. "महिनाभर म्हणाली असतीस, वर्षभर म्हणाली असतीस, तर डोळे मिटून घेतले असते गं. जन्मभर म्हणालीस."

 प्रोफनी खाकरून आवाज जागेवर आणला. "सगळ्यांना? एकूण एक?"

"दोन वेतं राहिली, प्रोफ. मागच्या वर्षी माझा गुडघा सुजला होता, बारा दिवस घरी होते, तेव्हाची."

किनांतीनं वही उघडली. तिच्या बोटांना इतकी घाई झाली की दोन पानं फाटली. त्या दोन वेतांसमोर तिनंच प्रश्नचिन्ह काढलं होतं. या उंदरांना काहीतरी रोग असावा म्हणून ती ते आकडे वगळणार होती. त्या दोन वेतांतला प्रत्येक उंदीर रिंगणात भिंत धरून सरकला होता. आणि त्यांच्यात कानांचं पान निम्म्याहूनही कमी उघडलेलं.

"पण ही तर..." प्रोफ म्हणाले, आणि त्यांचा आवाज चढला. बाहेर बागेत माळी दचकला. वीस वर्षांत प्रोफना इतकं खूश कुणी बघितलं नव्हतं. "ही तर दुप्पट चांगली गोष्ट आहे! जीभ आईचीच लागते असं नाही! ओल्या बोटानंही पान उघडतं!"

पण दोन वेतं म्हणजे पुरावा नव्हे, आणि कुणी गुपचूप केलेली मालीश म्हणजे प्रयोग नव्हे. सगळं नव्यानं, रीतसर करायला हवं होतं. प्रोफनी वर लिहून सहा महिन्यांची मुदत मिळवली, आणि तीच शेवटची, असं वरून स्पष्ट उत्तर आलं. आता तीन गट. आठ वेतं भरपूर चाटणाऱ्या आयांची. आठ कमी चाटणाऱ्यांची, पण रोज घड्याळ लावून मालीश केलेली. आणि आठ कमी चाटणाऱ्यांचीच, पण हात न लावलेली.

किनांतीनं आधी स्वतःच मऊ कुंचला घेऊन बघितला. पिल्लांनी असा आकांत मांडला की आईनं उठून कुंचल्याचे केस उपटले. तेव्हा हात बुदेचाच लागणार हे ठरलं. म्हणजे एकाच खोलीत, एकाच भिंतीला लागून असलेल्या पिंजऱ्यांत, आठ घरच्या पोरांना बुदेनं रगडायचं आणि आठ घरच्या पोरांकडे फिरकायचं नाही. किनांतीची डॉक्टरेट आता बुदेचे हात काय करतात यावर अवलंबून नव्हती. ते काय करत नाहीत यावर होती.

"जमेल ना, बुदे?" किनांतीनं विचारलं.

"इंग्गिह," बुदे म्हणाली, आणि आम्हा तिघांचाही जीव खालीवर झाला.

तिनं मात्र जिवापाड प्रयत्न केला. सकाळी सहा ते सात पहाऱ्याला मला बसवा, असं तिनं स्वतःच सांगितलं. मालीश करायची ती करून झाली, की ती हात धुऊन ते मांडीखाली घालून पाटावर बसायची.

"जोयो, चौदा नंबरातला सगळ्यात धाकटा बघ. ढुंगण वर करून पडलाय. कुणीतरी उलटा करायला हवा."

"बघू नका तिकडे."

"मी कुठं बघते? आवाजावरून कळतं." थोड्या वेळानं, "ती आई बघ. खुशाल वेणीफणी करतेय."

"बुदे, तिच्या अंगावर केस असतात, वेणी नाही."

"थाट तर तोच आहे ना?"

पिंजऱ्यांना हात लावायला बंदी होती, आयांना बोलायला नव्हती. तेवढा हक्क तिनं भरपूर वापरला. चौदा नंबरवालीला तिनं माहेर, सासर आणि परलोक यांबद्दल जे काही ऐकवलं, ते एखाद्या माणसाला ऐकवलं असतं तर त्यानं गाव सोडलं असतं. उंदरिणीनं कूस बदलली.

आणि मग ज्याची धास्ती होती ते झालं. चौदा नंबरची पिल्लं चार दिवसांची होती. माझ्या स्कूटरचं चाक वाटेत पंक्चर झालं आणि मी पाऊण तास उशिरा पोचलो. धावत आलो तर फाटकातच बुदे उभी. मला बघून तिनं मान हलवली नाही. ती किनांतीची वाट बघत होती. किनांती उतरली, हेल्मेट काढायच्या आतच बुदे पुढे झाली.

"न्दुक, मी हात लावला. चौदा नंबर. नऊच्या नऊ पोरांना. आत्ता, सव्वासहाला. कुणी बघितलं नाही."

केळी नाहीत, चहा नाही, पाऊस नाही, बदक नाही. इतकं उघडंवाघडं वाक्य मी आमच्या आवारात त्याआधी कधी ऐकलं नव्हतं. फाटकावरच्या पहारेकऱ्यानं संकोचून मान फिरवली.

किनांती हेल्मेट डोक्यावर तसंच ठेवून उभी राहिली. मग तिनं वही काढली आणि चौदा नंबरवर आडवी रेघ मारली.

"बाकीच्या सातांना?"

"नाही."

"बरं," किनांती म्हणाली, आणि आत गेली. दुसरं काही विचारलं नाही. बुदे मागोमाग गेली नाही. फाटकापाशीच पायरीवर बसली आणि आपले हात असे बघत राहिली, जसे ते कुणीतरी तिच्याकडे सांभाळायला दिलेले आहेत.

चार महिन्यांनी उंदीर रिंगणात उतरले. मालीशवाले पुन्हा अधिकाऱ्यासारखे मधोमध. हात न लागलेल्या सात वेतांतले भिंतीला असे चिकटले की सोडवायला दोन माणसं लागली. वर माझ्या यंत्रानंही तेच सांगितलं. एकीकडे पान उघडं, दुसरीकडे निम्म्याहून कमी. किनांती तो आलेख छातीशी धरून नाचली. बुदे बघायला वर आली नाही. "त्यातली आखूड रेघ मला दाखवू नका," एवढंच म्हणाली.

तोंडी परीक्षेला सुराबायाहून एक बाई परीक्षक म्हणून आल्या होत्या. बारीक चष्मा, बारीक आवाज, आणि अख्ख्या प्रबंधातून नेमका खडा शोधणारी नजर. त्यांनी तक्त्यावर बोट ठेवलं.

"पहिल्या गटात आठ वेतं. दुसऱ्यात आठ. तिसऱ्यात सात. आठवं कुठे गेलं?"

"चौथ्या दिवशी त्याला हात लागला," किनांती म्हणाली. "म्हणून काढून टाकलं."

"कुणी पकडलं?"

"कुणी नाही. जिनं हात लावला तिनंच तासाभरात मला सांगितलं."

बाईंनी चष्मा खाली घेतला. "असं. मग उरलेल्या सातांना हात लागला नाही, हे तुम्ही कशाच्या जोरावर म्हणता?"

 प्रोफचे ओठ हलत होते. मी मागच्या बाकावर माझी टोपी पिळत होतो. सहा महिने, चार वर्षं आणि अख्खं वोनोसोबो त्या एका प्रश्नावर येऊन टांगलं होतं, आणि उत्तर म्हणून दाखवायला किनांतीकडे एकही कागद नव्हता.

"आठव्याचं तिनं सांगितलं, त्या जोरावर," किनांती म्हणाली.

  बाईंनी चष्मा वर चढवला, कागदावर काहीतरी लिहिलं, आणि दुसऱ्या प्रकरणातल्या एका चुकीच्या तारखेवर किनांतीला वीस मिनिटं धारेवर धरलं. तेव्हा मला कळलं, की पोर पास झाली.

पुढे हे सगळं परदेशी नियतकालिकात छापायला पाठवायचं ठरलं. मालीश ज्या हातांनी केली, त्यांचं नाव लेखकांत पाहिजे, असं किनांती धरूनच बसली आणि प्रोफ चढ्या आवाजात हो म्हणाले. पण नियतकालिकाच्या अर्जाला प्रत्येक लेखकाचं नाव आणि आडनाव लागतं. बुदेला आमच्यातल्या निम्म्या लोकांसारखं एकच नाव. रकाना रिकामा ठेवला की अर्ज पुढे सरकेना. शेवटी अशा वेळी सगळेच करतात तेच किनांतीनं केलं. लेख छापून आला तेव्हा ती तो खाली उंदीरघरात घेऊन गेली आणि नावावर बोट ठेवून बुदेला वाचून दाखवलं. पोनिराह पोनिराह.

बुदेनं डोळे बारीक केले. "ही पहिली मी. दुसरी कोण?"

"तीही तुम्हीच, बुदे. त्यांना दोन लागतात."

बुदेनं दुसऱ्या नावावर बोट ठेवलं.

"मग असं कर," ती म्हणाली, "चौदा नंबरला हात लावला तो हिनं, असं लिही."